एक, अडीच, साडेतीन: आमच्या गाण्याची बासलाईन कशी जमली

आमच्या बँडचं नवीन मराठी गाणं आहे, व्हर्सला (म्हणजे कडव्याला) चार कॉर्ड, ई मायनर, सी, जी, डी, प्रत्येकीला एक बार (चार ठोक्यांचा), टेम्पो मिनिटाला ११२ ठोके. गिटारवाल्याने चाल बसवली आणि मला म्हणाला तू बास टाक. मी पहिल्या दिवशी कॉर्डची रूट नोट (जिच्यावरून कॉर्डला नाव पडतं ती) धरली आणि बारमध्ये आठ वेळा वाजवली, ढुगढुगढुगढुग. त्यात चूक काहीच नव्हतं, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर नुसती गिटारच जाड झाल्यासारखी वाटत होती, बासला स्वतःचं काही म्हणायचंय असं जाणवतच नव्हतं. पुढचे दोन आठवडे स्केलमधल्या नोटा चिकटवून बघितल्या, फिल (मधल्या जागा भरणारे छोटे तुकडे) टाकून बघितले, काहीच बसेना.

मग ड्रमवाला दादा म्हणाला, "अरे तू सारखा गिटारच्या मागे पळतोयस, माझा पाय ऐक ना जरा." त्याला नुसती किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा खणखणीत ड्रम) वाजवायला लावली, फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड केलं आणि घरी बास हातात न घेता मांडीवर ठेका धरून ऐकत बसलो. स्नेअर दोन आणि चारवर, ते नेहमीचंच, पण किक पडत होती एकवर, मग अडीचवर, मग साडेतीनवर (दोन ठोक्यांच्या बरोबर मधल्या जागेला, 'वन अँड टू अँड'मधल्या 'अँड'ला, मी असंच मोजतो, पटकन डोक्यात बसतं). फक्त त्या तीन जागी ई वाजवली, बाकी सगळं गप्प, आणि गाणं एकदम चालायला लागलं. नोट तीच हो, फक्त आठच्या तीन झाल्या! आणि नोट कुठे थांबवायची तेही बघावं लागतं, स्नेअर पडायच्या आत तार दाबून बंद केली की स्नेअर कसला खणखणीत येतो.

नोटा कुठल्या घ्यायच्या हे मात्र गाऊन सापडलं. बास हातात असला की बोटं सवयीच्याच जागी जातात, रूट, तिच्यापासूनची पाचवी नोट, वरच्या सप्तकातली रूट. म्हणून ऑफिसला जाता येता नुसतं गुणगुणायचो आणि फोनवर रेकॉर्ड करायचो, आणि चार दिवसांचं एकदम ऐकल्यावर कळलं की प्रत्येक वेळी माझा आवाज खालीच उतरत होता. मग तेच बासवर शोधलं. सीच्या बारला ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्टीवर) सी, तिथून साडेतीनवर बी, साडेचारवर मोकळी ए तार, म्हणजे अगदी बारच्या टोकाला, आणि पुढच्या एकवर ई तारेची जी. डीच्या बारला डी वाजवायचीच नाही, एफ शार्प वाजवायची, ती डी कॉर्डमध्ये असतेच, आणि तिथून एक पायरी उतरलं की परत मोकळी ई. सी, बी, ए, जी, एफ शार्प, ई, अख्खा जिना! प्रॅक्टिसला वाजवलं तर गिटारवाला म्हणाला, "तू कॉर्ड बदललीस का?" त्याचं एकही बोट हललं नव्हतं, सगळ्यात खालची नोट बदलली की तीच कॉर्ड वेगळी ऐकू येते. हे असं एका कॉर्डमधून दुसरीत चालत जाणं मी मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बासवादक जेम्स जेमर्सनला ऐकून शिकलो, तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी ऐकाच.

कोरसमध्ये पण असंच काही करायला गेलो तर गाणारी म्हणाली मला शब्द टाकायला जागाच उरत नाही. बरोबर होतं तिचं. तिथे पहिल्या दिवसाचं ढुगढुगढुगढुग परत आणलं, आणि व्हर्समध्ये बास इतका चालल्यावर कोरसमध्ये तो एका जागी उभा राहिला की भिंतीसारखा वाटतो.

एक सांगायचं राहिलं, मोकळी ई ४१ हर्ट्झच्या आसपास असते, फोनच्या स्पीकरमधून ती येतच नाही, आमच्या डेमोत बास गायबच होता. पिकने वाजवलं आणि थोडा ओव्हरड्राइव्ह (आवाज जरा खरखरीत करणारा इफेक्ट) दिला, त्याने वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या वरचे बारीक सूर) उठतात, मग फोनवरही लाईन कळायला लागली.

आणि माझी सगळ्यात आवडती जागा. लहानपणी मी तीन वर्षं तबला शिकलो, तीनतालात 'खाली' (टाळीऐवजी रिकामी ठेवलेली जागा) आली की डग्ग्याची घुमक जाते, धिंचं तिं होतं, आणि ती परत आली की समेची ओढ लागते. दुसऱ्या व्हर्सचा शेवटचा बार मी तसाच खाली ठेवला. बास पूर्ण बंद, फक्त ड्रम, गिटार आणि आवाज, आणि चारवर वरून घसरत येऊन कोरसच्या एकवर मोकळी ई. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

ब्रिजचे (व्हर्स-कोरसपेक्षा वेगळ्या मधल्या भागाचे) आठ बार अजून रूट नोटवरच आहेत, तिथली किक वेगळी पडते. रविवारी दादाकडून तेवढंच रेकॉर्ड करून घेतोय.