सिएराची दुरुस्ती: आधी पत्रा आणि काच, मग इंजिन

टाटा सिएरा ही काटेकोर अर्थाने कूपे, म्हणजे दोन दारांची, उतरत्या छताची गाडी नव्हे, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे सर्वसाधारण माणसाच्या हाती येऊ शकतील अशा दोन दारांच्या जुन्या गाड्या मुळातच थोड्या आणि त्यांतही ज्यांचे सुटे भाग खानदेशात बसून मिळवता येतील अशा तर त्याहून थोड्या. दोनच लांबलचक दरवाजे, मागे बसायचे तर पुढचे आसन वाकवून अंग चोरून आत शिरणे आणि मागच्या बाजूला थेट छतापर्यंत वळत गेलेल्या, कधीही न उघडणाऱ्या मोठ्या काचा, हे सगळे पाहता जुनी कूपे बाळगणाऱ्यांची दुखणी आणि आम्हा सिएरावाल्यांची दुखणी एकाच जातीची आहेत. शिरपूरकडून घेतलेल्या माझ्या 1996 च्या गाडीवर आतापर्यंत काय काम झाले आणि काय उरले आहे, याची ही नोंद आहे.

गाडी एका जिनिंगच्या आवारात, सरकी साठवण्याच्या शेडमध्ये बरीच वर्षे उभी होती. टायर बसलेले, रंग उडून पांढुरका झालेला आणि बॉनेटवर बोटभर धूळ. सोबत नेलेल्या मिस्त्रीभाऊंनी बाहेरची बॅटरी लावून, हिटर प्लग तापू देऊन इंजिन सुरू केले, ऑइल भरण्याचे झाकण काढून हात धरून पाहिला आणि बॅक कॉम्प्रेशन (झिजलेल्या रिंगांतून निसटून त्या झाकणापाशी येणारा वायूचा दाब) फारसे नाही याची खात्री पटल्यावर अहिराणीत एवढेच म्हणाले, "इंजिन बरं शे भाऊ, पन पत्रा देख." सिएरा घेऊ पाहणाऱ्या कोणालाही मी याहून वेगळे काही सांगणार नाही.

याचे कारण इंजिनाच्या वंशावळीत आहे. सिएरा 1991 मध्ये आली, तेव्हा कंपनीचे नाव टेल्को होते आणि माझ्या आर.सी. बुकावरही निर्माता म्हणून तेच नाव छापलेले आहे. तिचे 1948 सीसीचे डिझेल इंजिन 483 या क्रमांकाने ओळखले जाते. चार सिलिंडर आणि 83 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, असा त्या आकड्याचा सरळ हिशेब आहे. पुढे 1994 मध्ये सुमो आली ती हेच इंजिन घेऊन, आणि सुमो खानदेशात किती चालल्या हे कोणाला सांगायला नको. वडाप असो, लग्नाचे वऱ्हाड असो की सरकारी खात्याची गाडी, सुमो सगळीकडे होती. परिणामी रिंग-पिस्टनपासून हेड गॅस्केटपर्यंत जे लागेल ते जळगाव आणि धुळ्याच्या दुकानांत अजूनही मागता येते आणि ते बसवणारे हातही मिळतात. उलट सिएराची मागची वळणदार काच, तिचे रबर, डिकीचा मागचा दरवाजा, आतले प्लास्टिक यांतले काहीही सुमोचे चालत नाही. त्यामुळे ज्या गाडीचे इंजिन बंद पडले आहे पण काचा आणि पत्रा शाबूत आहे, ती गाडी सुरळीत चालणाऱ्या पण कुजलेल्या गाडीपेक्षा माझ्या मते केव्हाही स्वस्त पडते.

पत्रा तपासताना मी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक वापरले. जेथे ते पकड घेत नाही, तेथे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. चाकांच्या कमानी, मागच्या दरवाजाची खालची कड, पायाखालचा पत्रा आणि मागच्या काचांच्या खालचा कोपरा, या जागा आधी पाहाव्यात. खानदेशची हवा कोरडी असल्याने कोकणातल्या गाडीसारखी ही गाडी सर्वांगाने गंजलेली नव्हती; मात्र कोरड्या उन्हाचे स्वतःचे वेगळे नुकसान असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणे ही काही बातमी नव्हे, आणि अशा उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर कडक होऊन भेगाळते. मग पहिल्याच पावसात पाणी त्या भेगांतून बाजूच्या पत्र्याच्या पोकळीत उतरते आणि बाहेरून काहीही न दिसता आतून गंज सुरू होतो. म्हणजे गंजाचे मूळ पावसात नसून उन्हात आहे.

सिएराची बॉडी स्वतंत्र चॅसिसवर बसवलेली असते, त्यामुळे पत्रा खराब असला तरी सांगाडा धड असू शकतो. माझ्या गाडीचा सांगाडा धड होता. चॅसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश मात्र कोणालाही लावू देऊ नये; डिझेलच्या फडक्याने हलकेच पुसून पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) स्पष्ट येतो का, हे मी सौद्याच्या आधीच पाहून घेतले. आर.टी.ओ.त सगळे त्या कागदाच्या चिटोऱ्यावर अडते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म 25, शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर असलेले निर्बंध आपल्याकडे लागू नाहीत, हे विकणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हते आणि त्याचा भावावर मला फायदाच झाला. नूतनीकरणाचे शुल्क मात्र विसरू नये: ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील हलक्या मोटारींसाठी ते 5,000 वरून 10,000 रुपये केले. नवी पाच दारांची सिएरा आल्यापासून जुनीचे मालकही भाव चढवून सांगू लागले आहेत, तेव्हा घासाघीस करताना हा खर्च पुढ्यात मांडावा.

पहिले काम वायरिंगचे करावे लागले. सरकीच्या वासाने शेडमध्ये उंदीर येणारच, आणि त्यांनी डॅशबोर्डमागचा वायरचा जुडगा जागोजागी कुरतडून ठेवला होता. तुटलेल्या वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिला मी ठाम नकार दिला आणि वायरमनकडून प्रत्येक सांधा डाख देऊन पक्का करून घेतला. सिएरात त्या काळी अपूर्वाई वाटणाऱ्या पॉवर विंडो आहेत. काच वर चढताना मोटर रडू लागली की सगळे मोटरीला दोष देतात, पण माझ्या गाडीत अर्धा दोष काचेच्या खोबणीतल्या सुकलेल्या अस्तराचा आणि उरलेला बटनांपर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होणाऱ्या विजेचा होता. वेगळे रिले बसवून थेट बॅटरीची लाइन दिल्यावर ड्रायव्हरच्या बाजूची काच चांगली चढू लागली. डावीकडची अजून कुरकुरते.

आता मागच्या काचांविषयी, कारण या गाडीचा जीव तेथे आहे. आधीच्या कोणीतरी गळती थांबवण्यासाठी रबरावरून सिलिकॉन फासले होते. त्याने पाणी थांबले नाही, उलट आत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद झाली. काच काढताना घाई करणे परवडणारे नव्हते, कारण फुटली तर दुसरी मिळेलच असे नाही. त्यासाठी काम सकाळच्या गारव्यात न करता मुद्दाम ऊन वर आल्यावर केले, म्हणजे जुने रबर थोडे नरम पडते. प्लास्टिकच्या पट्टीने सिलिकॉन सोडवले, रबराची आतली कड धारदार पात्याने कापून टाकली आणि एकाने आतून दोन्ही तळहातांनी सारखा दाब देत, दुसऱ्याने बाहेरून काच झेलली. लोखंडी पेचकस काचेच्या कडेला लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले. कडक केलेली काच मधोमध ठोसा सहन करते, पण कडेला टोक लागले की तिचा चुरा होतो.

रबराखालचा पत्रा पाहिल्यावर लांबीचा थर का दिला होता, ते समजले. खालच्या कोपऱ्यात वीतभर लांब कड भाजलेल्या पापडासारखी हातात आली. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि 20 गेजचा सीआर पत्रा वाकवून त्याचे ठिगळ तयार केले. येथे गॅस वेल्डिंग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पातळ पत्रा त्या उष्णतेने लाटांसारखा वाकतो आणि मग काच बसण्याची जागाच बिघडते. सीओटू वेल्डिंगने एक ठिपका येथे, दुसरा त्याच्यापासून दूर, मधे पत्रा निवू द्यायचा, अशा संथ रीतीने डेंटर काकांनी ती कड शिवली. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी सोडवून ठेवल्या होत्या. उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, ते सुकल्यावर झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर रंग दिला. रबरासाठी मूळ भागाचा शोध सोडून दिला आणि खोबणीची जाडी मोजून, दुकानातल्या बस-ट्रकच्या रबराच्या गुंडाळ्यांतून जुळणारे रबर निवडले. काच परत बसवताना रबराच्या आतल्या खोबणीत साबणाच्या पाण्यात भिजवलेली सुतळी फिरवून घेतली, तिची दोन्ही टोके आत सोडली आणि बाहेरून काच दाबत आतून सुतळी ओढत गेल्यावर रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत गेली. त्यावर बागेच्या नळीने भरपूर पाणी मारून पाहिले. आतली पुठ्ठ्याची पट्टी कोरडी राहिली.

लांब दरवाजांचा भार बिजागऱ्यांवर पडतो, हे दोन दारांच्या प्रत्येक जुन्या गाडीचे दुखणे. दरवाजा अर्धा उघडून टोकाकडून वर उचलावा. तो हलत असेल तर पिना आणि बुश झिजले आहेत. कुलपाचा खटका खाली-वर सरकवून दरवाजा बसवून देणारे पुष्कळ भेटतील, पण त्याने झीज तशीच राहते आणि दरवाजाच्या खांबाचा पत्रा फाटू लागतो. मी पिना काढून लेथवाल्याकडे नेल्या आणि पितळी बुश करून घेतले. आता दरवाजा बोटाने ढकलला तरी लागतो.

इंजिनाकडे सर्वांत शेवटी वळलो. नोझल तपासून घेतले, निकामी हिटर प्लग बदलले, सर्व तेले आणि फिल्टर नवे घातले. रेडिएटरमध्ये बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार इतके साचले होते की सळई घालून साफ करण्याऐवजी नवा कोअर टाकणेच शहाणपणाचे ठरले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, कोणीतरी केव्हाच काढून फेकलेला होता. आमच्याकडे उन्हाळ्याच्या भीतीने हे सर्रास केले जाते, आणि त्याविरुद्ध बोलले की मिस्त्री मंडळी हसतात. परंतु थर्मोस्टॅट नसलेले डिझेल इंजिन थंडीत तापायला फार वेळ घेते, तोवर धूर सोडते, डिझेल जास्त पिते आणि बोअर झिजवते. खानदेशचा हिवाळाही काही सौम्य नसतो. गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर रेडिएटर, फॅन आणि पाण्याचा पंप पाहावा. मी थर्मोस्टॅट परत बसवला आणि कूलंट क्षारविरहित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरले.

ब्रेकबाबत एक सूचना. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी आयती निर्वात ओढ मिळत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पेडल दगडासारखे घट्ट लागत असेल तर लायनर बदलण्याआधी पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी पाहावी. माझ्या गाडीत दोष तेथेच निघाला, तोही उंदरांनी कुरतडलेला.

त्यानंतर चाळीसगावहून कन्नड घाट चढून पाहिला. सत्तरच्या आतबाहेर अश्वशक्ती आणि दीड टनाहून जड अंग, तेव्हा चढावर घाई करणाऱ्यांना ही गाडी मानवणार नाही. दुसऱ्या गिअरात ती आपल्या गतीने चढते आणि मागच्यांनी वाट पाहायची असते. माझे लक्ष वेगाकडे नव्हतेच, ते तापमानाच्या काट्यावर होते. तो मध्याच्या किंचित वर जाऊन थांबला आणि उतरताना परत खाली आला.

शिल्लक राहिलेले दुखणे म्हणजे मागच्या आसनावरचा उकाडा. त्या वळणदार काचांतून दुपारचे ऊन सरळ डोक्यावर येते. जुन्या मालकाने लावलेली काळी फिल्म मी पासिंगच्या आधीच खरवडून काढली, कारण 2012 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यावरून रस्त्यात वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. सध्या गाडी उभी असताना आतून जाड पांढऱ्या मांजरपाटाचे, काचेच्या मापाने शिवलेले पडदे लावतो. एसीचा कॉम्प्रेसर फिरतो, पण कंडेन्सर गळका आहे. तो आणि मागच्या दरवाजाचे खालचे रबर, ही पुढची कामे. स्टेपनीच्या वजनाने हा दरवाजाही किंचित झुकला आहे, तेव्हा त्याच्या बिजागऱ्यांची मापे त्याच लेथवाल्याकडे देऊन ठेवली आहेत.