मामाचे दहा खांब

मामानं ड्रॅगन फ्रूट लावलं त्याला कारण मी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. २०२१ ला घरात बसून काम चालू होतं, डोकं रिकामं होतं, यूट्यूबवर एकामागून एक व्हिडिओ बघायचो आणि सगळेच्या सगळे मंगळवेढ्याला मामाला फॉरवर्ड करायचो. एकरी इतके लाख, पाणी कमी, रोग नाही, वीस वर्षं टेन्शन नाही वगैरे. मामा प्रत्येक व्हिडिओला नुसता अंगठा पाठवायचा. सहा महिन्यांनी एक फोटो आला. घरामागं सिमेंटचे दहा खांब, प्रत्येकावर मोटरसायकलचा जुना टायर अडकवलेला, बुडाला चार-चार रोपं. एकर नाही, अर्धा एकर पण नाही, दहा खांब! मला खरं सांगायचं तर रागच आला होता, एवढं डोकं खाऊन दहाच खांब म्हणजे काय.

तर यंदा संक्रांत झाली आणि ते खांब बघायला म्हणून निघालो. आणि हुरडा खायला, हे पण आहेच.

पुण्यातनं संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. कुर्डुवाडीपर्यंत बाहेर काही दिसत नाही, अंधारात ऊस आहे की ज्वारी हे पण कळत नाही, फक्त फाटकापाशी उसाच्या ट्रॅक्टरची रांग दिसली की समजायचं उजनी धरणाच्या पाण्यात आलो. सोलापूर स्टेशनला मामेभाऊ गाडी घेऊन उभा, "काय बे, पोट सुटलं की तुझं" हे स्वागत. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा चालू होती, पाळणे, धूळ, भज्यांचा वास. एक चक्कर मारली, घरी जाऊन कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं आणि आडवा झालो.

सकाळी मंगळवेढ्याला निघायच्या आधी भाऊ म्हणाला, चल आधी नान्नजला जाऊन येऊ, एका दोस्ताची बाग आहे. बार्शी रोडला वीसेक किलोमीटर. हे गाव बाहेरच्यांना माळढोक पक्ष्यामुळं माहिती, अभयारण्य आहे तिथं, पण सोलापूरवाल्यांना ते द्राक्षासाठी माहिती. इथल्या नानासाहेब काळेंनी थॉमसन जातीच्या द्राक्षवेलातनं लांबट मण्याचा वेगळा वेल निवडला आणि वाढवला, ती सोनाका. सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळेंचा का. म्हणजे कुठल्या लॅबमध्ये नाही, बागेत रोज फिरणाऱ्या माणसाच्या नजरेतनं आलेली जात, आणि पुढं महाराष्ट्रभर गेली. दोस्ताच्या बागेत मण्यात नुकतं पाणी भरायला लागलेलं. तो बोलत होता माझ्याशी पण नजर सारखी ढगावर. एक ढग नव्हता तरी. गेल्या पावसाळ्यानं त्या माणसाची मान कायमची वर गेलीय असं वाटलं.

पावसाळ्याचं सांगायला पाहिजे, कारण पुढं जे जे बघितलं त्याच्या मुळाशी तोच. सोलापूर म्हणजे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा जिल्हा, म्हणजे इथल्या माणसाचं सगळं शहाणपण पाणी कसं वाचवायचं यात खर्च झालेलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा राखीव साठा पण खाली गेलेला, बुडालेली देवळं उघडी पडली, लोक सेल्फी काढायला जात होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की पुणे हायवे बंद. तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडताना भावानं गाडी थांबवली. खाली नदी अगदी गरीब गाईसारखी. पण काठाला एक रान होतं, म्हणजे रान होतं असंच म्हणायचं, कारण वरची माती पुरानं नेलेली आणि खाली मुरूम, गोटे. एक म्हातारा गोटे वेचून बांधावर ढीग लावत होता. मी विचारलं आता यात काय करणार? म्हणाला, "आधी माती आणायची, मग बघायचं." ट्रॉलीनं गाळ विकत आणून. नवीन पद्धत, जुनी पद्धत, जात, औषध हे सगळं माती असल्यावरचं बोलणं आहे हो. आम्ही गप गाडीवर बसलो.

कामती, बेगमपूर, भीमेवरचा पूल. पलीकडं माचणूरचं सिद्धेश्वराचं देऊळ. इथं ब्रह्मपुरीत औरंगजेबाचा तळ चार वर्षं पडून होता. देवळात दोन मिनिटं टेकलो, घाटावर कोणी नव्हतं, पाणी संथ. मग मंगळवेढ्याचं काळं शिवार सुरू झालं. हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळत नाही, झाड नाही, झुडूप नाही, नजर जाईल तिथपर्यंत सपाट काळी जमीन आणि त्यावर ज्वारी. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती इथलीच. २०१६ ला इथल्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापूरच्या डाळिंबाला पण त्याच वर्षी.

हुरडा मिळाला नाही. ज्वारी नुकती निसवत होती, कणसात दाणाच नाही. मामा हसला, "आरं, हस्तात पेरायची ती दिवाळी झाल्यावर पेरली, हुरडा कुठला?" सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफसाच येईना, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकेना, काळ्या रानात पाय घातला की गुडघ्यापर्यंत. पाऊस पडत नाही म्हणून पेरणी लांबलेली मामानं लै वेळा बघितली, पाऊस थांबत नाही म्हणून लांबलेली अशी पहिल्यांदाच म्हणे.

आणि निम्म्या रानात ज्वारी नव्हतीच, हरभरा होता. माझ्या डोळ्याला ते खटकलं. ज्वारीचं कोठार आणि मामाच्या रानात हरभरा? कारण पावसाचं असेल असं मला वाटलं, पण ते कारण नाही. कारण आहे माणसं. ही ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कडबा पूर्ण मिळावा म्हणून. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, वाकून, दोन्ही हातांनी ताट धरून हिसका. मी एकदा लहानपणी अर्धा तास केलंय, तळहाताला फोड आले होते आणि मामी रात्रभर हसत होती. आता उपटायला कोण येत नाही आणि आलं तर मजुरी परवडत नाही. हरभऱ्यात फुले विक्रम म्हणून जात आलीय, उंच, सरळ उभी राहणारी, त्यात हार्वेस्टर चालतो. शेजारच्या पाटलांनी तीन वर्षांपूर्वी लावली, मामानं बांधावर उभं राहून मशीन बघितलं, पुढच्या वर्षी एक एकर केलं, मग निम्मं रान. मालदांडी घरापुरती आणि जनावरांपुरती ठेवलीच आहे. मी म्हटलं ज्वारीच्या पण नवीन जाती आहेत की कृषी विद्यापीठाच्या, फुले वसुधा, रेवती. "केलीय की वसुधा. उतारा चांगला. पण तुझी मामी म्हणते भाकरी मालदांडीची." विषय संपला.

मामानं दातेरी कोळपं दाखवतो म्हणून मुद्दाम बाहेर काढलं. ज्वारी आठ आठवड्यांची झाली की याच्यानं शेवटची कोळपणी. नुसतं तण काढायला नाही, काळं रान सुकताना भेगाळतं आणि त्या भेगांतनं खालची ओल उडून जाते, तर दात्यांनी माती हलवून भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं मामा म्हणाला, आणि मला मजा वाटली कारण हेच वाक्य मी कृषीच्या पुस्तिकेत पण वाचलंय. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललंय, देशातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक. मामाला ते साल माहिती नाही, तो म्हणतो आज्जा असंच करायचा. आता आज्जानं साहेबाकडनं उचललं की साहेबानं आज्जाकडनं, कोण सांगणार. मालदांडीची ती प्रसिद्ध ३५-१ जात पण मोहोळच्या केंद्रावर निवडली ती शेतकऱ्यांच्या गावरान मालदांडीतनंच.

दुसऱ्या दिवशी सांगोला, दाजींकडं. रस्ता आता एकदम झकास झालाय, मंगळवेढ्यातनं निघालं की चहा थंड व्हायच्या आत सांगोला. दाजींच्या वडिलांनी नव्वद साली रोजगार हमीतनं फळबाग योजना आली तेव्हा माळावर बोरं आणि डाळिंब लावलं. आधी गणेश जात होती, मग भगवा आला, सगळी सांगोल्याची माळरानं लाल झाली, बंगले झाले. मग तेल्या रोग आला. फळावर तेलकट काळा डाग, मग फळ तडकतं, बाग गेली. दाजींनी पहिली बाग जेसीबीनं काढली तेव्हा मी तिथं होतो, ताई घरातनं बाहेर आली नव्हती. त्या आधीच्या वर्षी गावातल्या एका दुकानदारानं "हे मारा, तेल्या जातोय" म्हणून हजारोंचं काहीबाही गळ्यात मारलं होतं, बाटलीवर धड नाव पण नव्हतं. दाजी अजून त्या दुकानावरनं जाताना तिकडं बघत नाहीत.

आता दुसरी बाग आहे, लांब अंतरावर. आत शिरायच्या आधी दाजींनी थांबवलं. छाटणीची कात्री बादलीत होती, जंतुनाशकाच्या पाण्यात. एक झाड झालं की कात्री बादलीत, मग दुसरं झाड. गडी वैतागतात म्हणे, पण तेल्याचे जंतू कात्रीवरनं पण या झाडावरनं त्या झाडावर जातात, त्यामुळं दाजी स्वतः बादलीपाशी उभे. झाडांची खोडं गेरूनं लाल रंगवलेली, त्यात कीटकनाशक कालवलंय, खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या किड्यासाठी. आणि सगळ्या ओळींवर पांढरं कापड पांघरलेलं, लांबनं बघितलं तर कोणाच्या तरी लग्नाचा मांडव वाटतो. भाऊ म्हणाला पण तसं, दाजी म्हणाले, "लग्नाला एवढा खर्च येत नाही."

दाजी हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा, धरतात, कारण पावसाळी हवेत तेल्या जास्त. बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, पानं गळाली पाहिजेत, मग पाणी सोडलं की फूल येतं. यंदा वरनंच पाणी, ताण द्यायचा कसा? महिनाभर बहार मागं गेला. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून, दाजी तिथल्या मेळाव्यांना जातात, वहीत लिहून आणतात, वही मी बघितली. पण कात्रीचं मात्र त्यांनी वहीतनं उचललं नव्हतं. वहीत ते आधीपासून होतं, दोन-तीन वर्षं. केलं कधी, तर पलीकडच्या वस्तीवरच्या एकाची बाग वाचली तेव्हा. तो काय वेगळं करतोय म्हणून बघायला गेले तर तिथं बादली.

हे ऐकल्यावर मला एक वाचलेलं आठवलं. अमेरिकेत आयोवा राज्यात हायब्रीड मका आला तेव्हा दोन संशोधकांनी २५९ शेतकऱ्यांना विचारलं होतं, त्यातल्या दोघांनी सोडून सगळ्यांनी तो मका घेतला, पण कळला बहुतेकांना बियाणं विकणाऱ्याकडनं आणि पटला तो शेजाऱ्याकडनं, आणि पहिल्या वर्षी लावला कसा, तर रानाच्या एका तुकड्यात. या विषयावर पुढं जगभर नाव झालेला एव्हरेट रॉजर्स पण त्याच आयोवातला शेतकऱ्याचा पोरगा, त्याचा बाप आधी हायब्रीडला नको म्हणत होता आणि १९३६ च्या दुष्काळात घरचा मका वाळला, हायब्रीडवाल्या शेजाऱ्याचा उभा राहिला. गाडीवर मागं बसून मी हे भावाला सांगत होतो, हेल्मेटमध्ये त्याला ऐकू गेलं नाही, तो म्हणाला, "व्हय, मक्याला यंदा दर नाही."

संध्याकाळी मामाकडं परत. एवढा वेळ मुद्दाम लांबणीवर टाकलेले खांब आता बघितले. टायरवरनं फांद्या जटेसारख्या खाली लोंबत होत्या, चांगल्या जाड. पण सगळं सारखं नव्हतं. सहा खांबांवर सावलीची हिरवी नेट, ती झाडं हिरवीगार. चार खांब उघडे आणि त्यांच्या पश्चिमेच्या अंगाला पिवळे चट्टे, मधे मधे फांदी भाजून पांढरी पडलेली. आपलं एप्रिल-मेचं ऊन. कुठल्याच व्हिडिओत हे नव्हतं, निदान मी पाठवलेल्यात तरी. मी म्हटलं, चारांवर नेट का नाही टाकली, पैसे कमी पडले का? मामा माझ्याकडं असा बघायला लागला की याला शिकवून काय उपयोग झाला.

"सगळ्यांवर टाकली असती तर नेटीनं वाचलं का आपसूक वाचलं, कळणार कसं?"

मी गप. खांबामागं एक जुनी पाटी होती, तिच्यावर खडूनं प्रत्येक खांबाचा आकडा आणि पुढं फळं. उघड्यातल्या एकाला नऊ, नेटीतल्या एकाला एकवीस. खाली वेगळ्या अक्षरात, मामीच्या, "नातवंडांनी खाल्लेली मोजली नाहीत."

तेवढ्यात बांधापलीकडनं पाटील आले, चहाच्या निमित्तानं, पण चहा हातात घेतला आणि चालत सरळ खांबांपाशी. नेट बोटांनी चाचपली, टायर हलवून बघितला, पाटी वाचली. बोलले काहीच नाहीत, दुधाच्या दराचं बोलून गेले. मी मामाला म्हटलं, बघ, आता पाटील लावतोय, त्याच्या आधी तू अर्धा एकर करून टाक की.

"हा मे जाऊ दे," मामा म्हणाला आणि पाटी आत घेऊन गेला.