आई, बाळकृष्ण आणि एक चमचा दूध

आमच्या घरात सध्या एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी खाते आणि आई कांदेपोहे. वीस वर्षांपूर्वी कुणी असं सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते, कारण तेव्हा बरोब्बर उलटं होतं.

माझं बिनसलं ते 1995 ला. मी तेरा वर्षांची. गौरी जेवायच्या दिवशी नेमकी माझी अडचण, म्हणून मी आतल्या खोलीत चटईवर आणि बाहेर पुरणाचा वास. ज्या मुखवट्यांना दरवर्षी मी पुसून द्यायचे त्यांना हात लावायचा नाही. आईने ताट दारातून आत सरकवलं. प्रेमाने हं, पोळीवर तूप जरा जास्तच होतं, पण सरकवलं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, 21 सप्टेंबरला, गणपती दूध पितोय अशी देशभर बोंब झाली. नारायण पेठेत आमच्या बोळातल्या देवळाबाहेरसुद्धा ही रांग, लोक वाट्या, भांडी, एकजण तर चक्क थर्मास घेऊन आलेला. तासाभराने माझा नंबर लागला, चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच कमी व्हायला लागलं की! पण माझी उंची तेव्हा एवढीशी, डोळे मूर्तीच्या पोटाच्या लेव्हलला, त्यामुळे मला स्पष्ट दिसलं, शेंदरावरून एक बारीक चकचकीत ओघळ खाली चाललाय आणि खालचं फडकं चिंब भिजलंय. आईने मागून विचारलं, "प्याला ना गं?"

मी म्हटलं, हो.

पुढे कॉलेजात सरफेस टेन्शन शिकले तेव्हा जाम भारी वाटलं, जसं काही मीच शोध लावलाय. मग काय, दहा-पंधरा वर्षं मी कडक नास्तिक. लग्न रजिस्टर केलं, गणपतीला घरी यायचे ते फक्त मोदकांसाठी, आणि आईशी वाद घालण्यात एक घाणेरडी मजा यायची हे आता कबूल करते. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडून खून झाला, तेव्हा मी रागाने थरथरत आईला फोन केला, वाटलं आता हिच्याशी भांडणच होणार. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, कुणाचं काय वाईट केलं होतं गं त्या माणसाने. त्या दिवसापासून माझी वाद घालायची हौसच गेली.

मग 2021 चा एप्रिल. बाबांना बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. आईने देव पाण्यात ठेवले, म्हणजे आपण बोलताना म्हणतो तसं नाही, खरोखर, तामणात पाणी घालून त्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. बाबा गेले. आम्ही सगळे क्वारंटाइन, देवघराकडे कुणाचं लक्षच नाही. नवव्या दिवशी मी सहज डोकावले तर देव अजून पाण्यातच, बाळकृष्णाच्या लोण्याच्या गोळ्यावर हिरवट डाग पडलेला. आईला हाक मारली तर म्हणाली, असू दे. एवढंच. मग मीच काढले, चिंच लावून घासले, कोरडे करून जागेवर ठेवले. दुसऱ्या दिवशी नुसतं तसंच ठेवणं बरं दिसेना म्हणून कुंडीतलं एक जास्वंद वाहिलं. तेव्हापासून रोज वाहतेय. अडचण असली तरी वाहते, तेवढं माझं.

विश्वास बसला का? नाही माहीत. 2020 आणि 21 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, 22 ला वारी परत पायी निघाली, त्या वर्षी मैत्रिणीबरोबर नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी चहा वाटायला गेले. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. एक आजी पायरीवर बसून टाचेच्या भेगांत कोकमाचं तेल भरत होत्या, हात पोचत नव्हता म्हणून मी भरून दिलं, तर त्या माझ्याच पाया पडायला लागल्या, "माऊली" म्हणत. मी घाबरून दोन पावलं मागे सरले, कप सांडला. त्या आषाढीपासून एकादशी धरते, कारण विचारू नका.

आणि आईचं सगळं सुटलं. संकष्टी, गुरुवार, सगळं. चिडून वगैरे नाही, शांतपणे, एखादी बाई पेन्शनीत निघते तसं. शुगरचं निमित्त सांगते.

गेल्या आषाढीला ती पोह्यांवर लिंबू पिळत होती, मी खिचडी घेऊन समोर बसले होते आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मी तीस वर्षांनी सांगून टाकलं, आई, त्या दिवशी गणपती दूध प्याला नव्हता, खाली ओघळत होतं, मी खोटं बोलले.

"माहितीये," ती म्हणाली. "घरी येऊन तुझ्या फ्रॉकची बाही मीच धुतली ना."