डाय बदलताना वेळ जातो कुठे?

२०२३च्या कतार ग्रांप्रीत, म्हणजे एफ-वन (फॉर्म्युला वन) मोटार शर्यतीत, मॅक्लारेन संघाच्या क्रूने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. रबाळे किंवा वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या, पत्रा दाबून-कापून नग काढणाऱ्या प्रेस शॉपने त्या आकड्याच्या नादी लागू नये. बघायचं ते गाडी थांबण्याआधी काय तयार असतं: टायर गरम, गन हातात, चाकाला एकच नट आणि तीन माणसं.

आपल्याकडे प्रेस बंद झाल्यावर सेटर (डाय बसवणारा कामगार) पुढची डाय, म्हणजे नगाचा साचा, शोधायला निघतो, मग पाना, मग बोल्ट. जपानी अभियंते शिगेओ शिंगोंची एसएमईडी (सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय) पद्धत इथेच बोट ठेवते: मशीन चालू असताना होण्यासारखं काम आधी उरका, उरलेलं दहा मिनिटांच्या आत बसवा.

आधी शेवटच्या चांगल्या नगापासून पुढच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डाय, बोल्ट, गेज ट्रॉलीवर काढून ठेवणं सोपं आहे. खरा वेळ खाते शट हाइट, म्हणजे डाय बंद झाल्यावरची तिची उंची. प्रत्येक डायखाली हव्या त्या जाडीची प्लेट कायमची बसवून सगळ्यांची बंद उंची सारखी करा, म्हणजे रॅमला (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाला) हात लावावा लागत नाही. बेडवर स्टॉपर ठोका, डाय सरळ जागेवर बसते. क्लॅम्पचे बोल्ट एकाच मापाचे, पानाही एकच. डाय ग्राइंड झाली की तिची उंची घटते. तेवढी शिम (पातळ पत्री) खाली टाकली नाही तर पंच अर्धवट कापतो आणि सेटर पुन्हा रॅमशी खेळत बसतो.

डाय बदलताना रॅम खाली येऊ नये म्हणून लावायचा सेफ्टी ब्लॉक मात्र या हिशेबातून वगळायचा नाही. गाडी धोकादायकपणे सोडली तर एफ-वनमध्येही दंड होतो.