शेजाऱ्याचं बघून ठिबक : हा परिणाम मोजायचा कसा?

वाळवा तालुक्यात एका रानात ठिबक आलं आणि काही वर्षांत आजूबाजूच्या उसातही लॅटरल (ठिबकाच्या नळ्या) दिसायला लागले, की पारावर कारण ठरलेलं असतं : एकाचं बघून दुसऱ्यानं केलं. ते खोटं असेलच असं नाही. पण सर्वेक्षण करायचं, गावाची सरासरी काढायची आणि रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत काढायची रीत) चालवायचं, एवढ्यानं ते सिद्ध होत नाही.

अडचण अर्थतज्ज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये नेमकी मांडली. शेजारी सारखे वागतात त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. शेजाऱ्यानं ठिबक केलं म्हणून मी केलं, ही एक. मोजायची आहे ती हीच. शेजारी शिकलेले किंवा मोठ्या रानाचे आहेत म्हणून माझं वागणं बदललं, त्यांनी ठिबक केलं असो वा नसो, ही दुसरी. आणि दोघांवर बाहेरून एकच गोष्ट आली, ही तिसरी. कृष्णाकाठच्या गावांत ही तिसरीच सगळ्यांत जड. कारखाना तोच, डीलर तोच, पाणीपुरवठा संस्थेची पाळी तीच, क्षारपड पट्टाही तोच. पहिली आणि दुसरी वेगळी करायला जावं, तर गटाच्या वागण्याची सरासरी ही गटाच्या गुणांच्या सरासरीतूनच बनलेली असते. दोन्ही रकाने एकच सांगतात.

त्यात हिशेबाचा एक सापळा आहे. गटाच्या सरासरीत त्या शेतकऱ्याला स्वतःलाही धरलं आणि दुसरा कुठला चल (वय, जमीन अशी गोष्ट) घेतला नाही, तर रिग्रेशनचा गुणक, म्हणजे गटाच्या सरासरीचा परिणाम सांगणारा आकडा, बरोबर १ येतो. ठिबकाच्या जागी चपलेचं माप घातलं तरी १! स्वतःला वगळलं तर काटा उलट झुकतो. २० जणांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर कसलाही परिणाम नसताना जोडीदारांतला सहसंबंध सरासरी उणे ०.०५ निघतो, यादी ५ जणांची असेल तर उणे ०.२५. कारण साधं आहे : कुणीच स्वतःचा जोडीदार होऊ शकत नाही.

शेजारी म्हणजे कोण, हे आधी ठरवा. 'गाव' हा गट फार मोठा पडतो. गाव नकाशावरून बांधाला बांध लागलेले जमिनीचे गट नंबर घ्या आणि सोबत 'ठिबकाबद्दल कुणाला विचारलं?' हा प्रश्न ठेवा. उत्तरात 'तात्या', 'आबा' येणार आणि एका गावात तात्या दहा असणार, म्हणून नावापुढे गट नंबर तिथल्या तिथे लिहून घ्यायचा. नंतर जुळवत बसलात तर निम्मी नाती चुकतील.

ब्रामुले, जेब्बारी आणि फोर्तँ या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एक वाट दाखवली. जो माझा शेजारी नाही, पण माझ्या शेजाऱ्याचा शेजारी आहे, त्याचे गुण माझ्यापर्यंत फक्त मधल्या माणसामार्फत पोचतात असं धरून चालायचं. युक्ती सुंदर आहे, पण या भागात माझा तिच्यावर भरवसा कमी. क्षारपड पट्टा बांध बघून थांबत नाही. शिवाय गावातल्या थोड्याच लोकांची माहिती घेतली असेल, तर शेजाऱ्याचा शेजारी कागदावर सापडतच नाही.

त्यापेक्षा सोडत बरी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर काही वर्षे ठिबकाच्या अनुदानासाठी अर्जदारांची निवड संगणकीय सोडतीनं होत होती. शेजाऱ्याला सोडत लागली की नाही, याचा माझ्या जमिनीशी किंवा ऐपतीशी संबंध नाही. मात्र तुलना जपून करायची. ज्याच्या चार शेजाऱ्यांनी अर्ज केला आणि दोघांना लागली, त्याची तुलना चार अर्जदार शेजारी असून एकालाही न लागलेल्याशीच करा. अर्जदार शेजारीच नसलेला माणूस या तुलनेत नको. अर्ज करणाऱ्यांची वस्तीच वेगळी असते. वर्ष आणि प्रवर्गही वेगळे धरा, कारण लागण्याची शक्यता त्यावर बदलते.

सोडत लागून पूर्वसंमती (संच बसवायची आधीची मंजुरी) मिळूनही सगळे संच बसवत नाहीत, कारण खर्च आधी स्वतःचा आणि अनुदान मागाहून. म्हणून 'सोडत लागली' हे साधन (बदल घडवणारा बाहेरचा योगायोग) आणि 'संच बसवला' हा बदल, असं दोन टप्प्यांत गणित करण्याचा मोह होतो. पण सोडत लागलेला माणूस संच न बसवताही अर्ज कसा भरायचा, कुठली कागदं लागतात हे बांधावर सांगतोच. त्या वाटेनंही परिणाम पोचतो आणि दोन टप्प्यांचं गणित फुगतं. आधी नुसत्या सोडतीचा परिणाम द्या, दुसरा आकडा नंतर.

सगळ्यांत जास्त चूक होते ती वेळेची. उसात लॅटरल साधारणपणे लागणीच्या वेळी पडतात : आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. रानात खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) उभा असेल तर शेजाऱ्याचं ठिबक कितीही पटलं तरी या वर्षी निर्णयच नाही. आडसालीचे १६ ते १८ महिने आणि वर भर एका खोडव्याची धरली, तर पुढची लागण अडीच वर्षांनी येते. वर्षभरातच पुन्हा सर्वेक्षण करून 'परिणाम नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे ज्यांना संधीच नव्हती त्यांना नकारात मोजणं. प्रत्येक हंगामात 'यंदा लागण होती का?' हे विचारा आणि होती त्यांनाच त्या हंगामाच्या मोजणीत घ्या.

गुणक आला की त्याचा अर्थ लावताना घाई नको. सगळ्या शेजाऱ्यांनी केल्यावर माझी शक्यता ०.३ नं वाढत असेल, तर सगळ्यांना मिळालेल्या थेट धक्क्याचा परिणाम फिरून फिरून १ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १.४ पट होतो; पण तो सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्यावर, आणि उसात एक फेरी म्हणजे दोन-अडीच वर्षं. शेवटी हेच गणित सोडतीच्या आधीच्या हंगामावर चालवून बघा. पुढे होणाऱ्या सोडतीचा परिणाम मागच्या लागणीवर दिसला, तर शेजाऱ्यांची किंवा अर्जदारांची यादी कुठेतरी चुकली आहे.