टायमिंग लावताना आठवणारा कोनदुभाजक

आपल्या शाळेच्या तांत्रिक विभागात मी कानस चालवायला आणि फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) हाताळायला शिकलो. आज इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहून मी 1969 सालच्या ट्रायम्फ बॉनव्हिल मोटारसायकलची देखभाल करतो, तेव्हा ते शिक्षण पदोपदी उपयोगी पडते. ही 650 सीसीची गाडी जवळच्याच मेरिडनच्या कारखान्यात घडली. तिचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात. मात्र क्रँकच्या, म्हणजे पिस्टनांना जोडलेल्या फिरत्या दांड्याच्या, एका फेरीत एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो आणि पुढच्या फेरीत दुसऱ्यात.

या रचनेमुळे टॅपेट लावणे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतील फट नेमकी ठेवणे, सोपे होते. एका बाजूचा इनलेट (इंधन-हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, की दुसऱ्या बाजूचा इनलेट पूर्ण मिटलेला असतो आणि त्याचे अंतर तपासता येते, एक्झॉस्टचेही (धूर बाहेर सोडणाऱ्याचेही) तसेच. इंजिन थंड असताना इनलेटला 2 थाऊ आणि एक्झॉस्टला 4 थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग गुणिले दोन आणि चार, इतकेच अंतर ठेवायचे असते. पाते ओढताना बोटांना किंचित अडथळा जाणवला पाहिजे, हे सरांनी आम्हाला हात धरून शिकवले होते. लॉकनट आवळल्यावर अंतर पुन्हा मोजायचे, हेही त्यांनी बजावले होते. एकदा मी ते टाळले. एक्झॉस्टचे अंतर नाहीसे होऊन व्हॉल्व्ह पूर्ण मिटेना आणि डावे सिलिंडर दाबच धरेना.

टायमिंगचे, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडावी ते ठरवण्याचे, काम मला अधिक प्रिय आहे. पिस्टन अगदी वर पोहोचला, की क्रँक काही अंश फिरली तरी तो जागचा हलल्यासारखा वाटत नाही, म्हणून सर्वोच्च बिंदू नजरेने सापडत नाही. त्यासाठी स्पार्क प्लगच्या जागी एक अडसर बसवून क्रँक दोन्ही दिशांना टेकेपर्यंत हळूच फिरवायची, अंशांच्या चकतीवरील दोन्ही खुणा टिपायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. भूमितीच्या तासाला कंपासने काढलेला कोनदुभाजकच तो! तेथून 38 अंश मागे, ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा भाग) पूर्ण पुढे धरून ठेवून, पॉइंट (प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) उघडताच जोडलेला बल्ब पेटला पाहिजे. दोन्ही सिलिंडरांचे पॉइंट वेगळे असल्याने ही तपासणी दोनदा करावीच लागते. एकावर विसंबून दुसरा सोडला, तर इंजिन एका अंगाने ठोकू लागते.

तो अडसर मी जुन्या प्लगचे चिनी मातीचे अंग काढून, आत आटे पाडून बनवला आहे. तसाच एक आपल्या कार्यशाळेच्या कपाटासाठी या मनोगतासोबत पाठवत आहे.