मुंबईच्या समुद्रात काय उरलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, लिफ्टमध्ये येतो, आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासलेला असताना आला: "मुंबईच्या त्या गटारासारख्या समुद्रावर तुम्ही रविवारी पहाटे काय बघायला जाता हो? जिवंत काही उरलंय का तिथे?"

उरलंय. आणि ते बघायला पाण्यात उतरावंही लागत नाही, फक्त वेळ साधावी लागते. आमच्या घरी त्यासाठी आजीचा हिशोब होता: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फारसं मागे सरत नाही, तेव्हा जाऊ नका. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पावसाळ्यात दुपारच्या भरतीचे इशारे ज्या दिवशी पेपरात येतात, त्याच दिवशी सकाळ-संध्याकाळ समुद्र आपली माजघराची खोली उघडी टाकतो. ते मात्र कुणी छापत नाही.

हाजी अलीची वाट तुम्ही पाहिली असेल. भरतीला ती पाण्याखाली जाते. ओहोटीत दोन्ही बाजूंचा काळा कातळ उघडा पडतो आणि त्यावर हिरवट-तपकिरी, बुळबुळीत गालिचा दिसतो. लोक त्याला शेवाळ समजून तुडवतात. ते झोअँथिड आहेत, प्रवाळांचे चुलतभाऊ. बटणाएवढा एकेक प्राणी शेजाऱ्याला खेटून बसलेला, अगदी लोकलच्या चौथ्या सीटवर बसावा तसा. पाणी चढलं की प्रत्येक बटण उमलतं आणि स्पर्शिका बाहेर येतात. त्यांतल्या काहींच्या अंगात जालीम विष असतं, म्हणून बघायचं, हात लावायचा नाही.

प्रवाळही आहेत. इथे लोक हमखास हसतात, कारण प्रवाळ म्हणजे अंदमान, निळं पाणी, मधुचंद्राचे फोटो. पण किनारी रस्ता बांधताना 2020 साली वरळी आणि हाजी अलीच्या कातळावरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. कारण आपल्या वन्यजीव कायद्यात हे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत बसतात. हलवल्या हे चांगलंच झालं. पण मला राहून राहून वाटतं, त्याच कातळाला चिकटलेले स्पंज, कालवं, कपारीतले खेकडे यांचं नाव त्या पहिल्या अनुसूचीत नव्हतं, म्हणून त्यांचं स्थलांतर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

वाळूची गंमत वेगळी. जुहूला ओहोटीत वाळूच्या बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली दिसते. ती एका नखाएवढ्या खेकड्याची जेवणाची पद्धत. वाळू तोंडात घ्यायची, तिला चिकटलेलं खाणं काढून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची. पुढची भरती पाटी पुसून टाकते. आणि लहानपणी माळेसाठी आयती भोक पडलेली शिंपली सापडली की आपण खूश व्हायचो ना? ते भोक बहुधा खुनाचा पुरावा असतं. वाळूखाली फिरणारी एक गुळगुळीत गोलसर गोगलगाय 'तिसरी' नावाच्या शिंपलीला कवटाळते, कवचावर आम्ल सोडून कानशीसारख्या जिभेने घासत राहते आणि आरपार गेलं की आतलं मांस खाते. भोकाची कड बाहेरून रुंद, आत निमुळती. सुताराला दाखवलं तर तोही मान डोलवेल.

धोक्याचेही सांगते. पावसाळी वारे निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल किनाऱ्यावर आणतात. तो एक प्राणी नसून अनेक जीवांची एकत्र वसाहत असते. वाळूत मेल्यासारखा पडलेला असला तरी डसतो. आणि उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीवर काटा असलेला चपटा मासा) आधीच सटकतं. 2013 साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कितीतरी जणांना त्याचा काटा लागला होता.

आता यावरून "बघा, घाणीचं काही बिघडत नाही" असं म्हणू नका. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहणारे जीव मुळातच चिवट असतात. एका दिवसात खारं पाणी, भाजणारं ऊन, पावसाळ्यात वरून गोडं पाणी, असं सगळं सोसतात. मी रविवारी बघते ते टिकलेले. जे टिकले नाहीत ते बघायला मी तीस-चाळीस वर्षं उशिरा आले.

तरी मजा येते. एकदा डबक्यात मळकट प्लास्टिकची पिशवी पडली होती. आमच्यातल्या एका काकांनी ती उचलायला हात घातला, तर पिशवीने रंग बदलला आणि शाई सोडून फटीत शिरली. ऑक्टोपस, बाजारातल्या माकुळाचा नातलग. काका तेव्हापासून पिशवी उचलण्याआधी तिला दोन मिनिटं न्याहाळतात.

येणार असाल तर जुने बूट घाला आणि उलटवलेला दगड होता तसा परत ठेवा; त्याच्या पोटाला अंडी असतात, उन्हात मरतात. आणि तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: यातलं खायचं काय? तो कातळावर कालवं काढत बसलेल्या मावशींना विचारा. मी विचारला होता. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "फोटो काढून पोट भरतंय काय गो?" आणि चांगली कालवं कुठल्या कातळावर मिळतात ते काही शेवटपर्यंत सांगितलं नाही.